हरणाऱ्या टीमची गोलकीपर

फोन आला तेव्हा मी साबुदाणा भिजत घालत होते. हात ओले होते म्हणून नवऱ्याने फोन उचलला. "येस, धिस इज हर फादर," एवढं म्हणून तो दोन-तीन मिनिटं नुसता ऐकतच राहिला. मग फोन ठेवून त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाला, "घेतलं. डेट्रॉइटवाल्यांनी घेतलं तिला."

आमची चौदा वर्षांची मुलगी जिन्यात बसून ऐकत होती. ती खाली आली, परत वर गेली, परत खाली आली. आनंद झाला की तिचे पाय एका जागी ठरत नाहीत. खेळात मात्र तिचं काम एकाच जागी उभं राहण्याचं. ती आइस हॉकीची गोलकीपर.

ही २००७ च्या एप्रिलमधली गोष्ट. आम्ही ओहायोत, कोलंबस शहराला लागून असलेल्या डब्लिनमध्ये राहत होतो. डेट्रॉइटची ती टीम म्हणजे मुलींच्या हॉकीत आमच्या भागातलं सगळ्यात मोठं नाव. त्या टीमच्या मॅच बघायला कॉलेजांचे कोच येत. ट्रायआउटला, म्हणजे निवड चाचणीला, पार शिकागोहून मुली आल्या होत्या आणि गोलकीपर घ्यायच्या होत्या फक्त दोन. त्या दोघींत आमची एक. नवऱ्याने पुण्याला आणि मी नागपूरला भावाकडे, दोन्हीकडे झोपलेल्या माणसांना उठवून बातमी सांगितली. साबुदाणा तसाच राहिला, आम्ही पिझ्झा मागवला.

पिझ्झा खाता खाता मी विचारलं, "मॅच किती खेळायला मिळतील तिला?"

"ते बोलले ना. एक गोलकीपर जुनी आहे, हिच्याहून वर्षाने मोठी. पहिली ती. हिला तीनातली एक मिळेल म्हणाले. कदाचित."

"कदाचित?"

"अगं, पण टीम कुठली आहे बघ."

उत्तर द्यायला दहा दिवस होते. ते दहा दिवस आमच्या घरात दुसरा विषय निघाला नाही.

त्याआधीचं थोडं सांगायला हवं. आम्ही डब्लिनला आलो २००१ च्या उन्हाळ्यात. तोवर ॲरिझोनात चँडलरला होतो, तिथे पोरगी बारा महिने स्विमिंग पूलमध्ये असायची. नवऱ्याचं प्रोजेक्ट संपलं, दुसरं मिळालं ते ओहायोत, म्हणून सामान बांधलं. कोलंबसमध्ये नुकतीच मोठ्या लीगची हॉकी टीम आली होती आणि जो तो पोरांना बर्फावर उतरवत होता. त्या हिवाळ्यात वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस बर्फाच्या रिंकवर होता. आठ वर्षांची माझी मुलगी कठडा धरून दोन फेऱ्या मारून आली आणि तिसऱ्या फेरीला तिने कठडा सोडला. घरी येताना गाडीत म्हणाली, "आई, कॅन वुई गो टुमॉरो?" आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो. मग पुढची सात वर्षं जातच राहिलो.

गोलकीपर ती अपघाताने झाली. लहान पोरांची टीम होती, त्यात ती एकटी मुलगी. गोलमध्ये उभ्या राहणाऱ्या मुलाला कांजिण्या झाल्या आणि कोचने विचारलं, कोण उभं राहील? हिने हात वर केला. ते भलेमोठे पायाचे पॅड, छातीचं कवच, जाळीचा मास्क हे सगळं चढवल्यावर ती एखाद्या गादीच्या गुंडाळीसारखी दिसत होती. नऊ गोल झाले. मला वाटलं, आता रडेल. बाहेर आली ती घामाने निथळत आणि हसत. "सगळे माझ्याकडेच येतात," म्हणाली, तेही चक्क मराठीत.

मला खेळ कळत नव्हता, भीती मात्र भरपूर वाटायची. ती काळी रबराची चकती, ज्याला पक म्हणतात, ती दगडासारखी टणक असते आणि मोठी मुलं ती जीव खाऊन मारतात. भीती आवरायला मी एक उद्योग काढला. किराणाच्या यादीच्या मागे, तिच्याकडे आलेल्या प्रत्येक शॉटला एक रेघ ओढायची. गोल झाला तर त्या रेघेवर फुली. मॅच संपली की ती रेघा मोजायची आणि फुल्यांवर हुज्जत घालायची. "आई, धिस वन डझन्ट काउंट, मला दिसलंच नाही."

एप्रिलमधल्या त्या दहा दिवसांत आमच्यापुढे तसे दोनच रस्ते होते. एक डेट्रॉइट, जाऊन-येऊन साडेसहा तासांचं ड्रायव्हिंग, आठवड्यातून तीनदा. दुसरा म्हणजे गावातली मुलांचीच टीम, जिच्यात ती होती. त्या टीमची अवस्था काय सांगू? चांगली मुलं पहिल्या टीमला गेली की उरलेल्यांची ही दुसरी टीम व्हायची. आदल्या वर्षी त्यांनी सगळ्या सीझनमध्ये तीन मॅच जिंकल्या होत्या. त्यांचे कोच म्हणजे टीममधल्याच एका मुलाचे वडील, अग्निशमन दलात काम करणारे, धिप्पाड आणि मृदू गृहस्थ. त्यांनी फोन करून मला सांगितलं, "ती राहिली तर गोल तिचा. प्रत्येक मॅच. पण डेट्रॉइट म्हटल्यावर मी तिला अडवणार नाही."

नवऱ्याचं मत पक्कं होतं. तो पुण्याच्या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजातून शिकलेला. "मी जळगावहून पुण्याला गेलो नसतो तर आज कुठे असतो? पहिल्या वर्षी मला काही येत नव्हतं. पण आजूबाजूला हुशार पोरं होती, त्यांच्यात राहून मी शिकलो. चांगल्यांच्यात राहिलं की माणूस आपोआप वर जातो."

मी नागपूरच्या साध्या कॉलेजातून केमिस्ट्री केलेली. तिथे प्रयोगशाळेत गर्दी नव्हती, म्हणून प्रत्येक प्रयोग माझ्या हाताने झाला. मी तसं म्हणाले, तर तो म्हणाला, "हे वेगळं आहे." कसं वेगळं ते त्याला सांगता येईना आणि कसं सारखं ते मलाही सांगता येईना.

त्याच आठवड्यात मराठी मंडळाचा कार्यक्रम होता. शाळेच्या हॉलमध्ये, घडीच्या टेबलांवर श्रीखंड-पुरी. बातमी आमच्या आधी पोचली होती. एक काका म्हणाले, "छान आहे. कॉलेजच्या अर्जात शोभून दिसेल. पण गणिताकडे लक्ष आहे ना?" एका काकूंना तिच्या दातांची काळजी होती. चँडलरपासून ओळखीची एक मैत्रीण तेवढी म्हणाली, "यार, तिला काय पाहिजे ते कुणी विचारलं का?"

विचारलं होतं. ती दर वेळी वेगळं उत्तर देत होती. सकाळी डेट्रॉइट, संध्याकाळी घर. डेट्रॉइटच्या ट्रायआउटमध्ये तिला पहिल्यांदा आपल्यासारख्या मुली भेटल्या होत्या. इथे ती एकटी मुलगी म्हणून तिला कपडे बदलायला रिंकवरची सामानाची खोली देत, सरावाचे प्लॅस्टिकचे कोन आणि झाडू यांच्या मध्ये. तिथे सगळ्या एका खोलीत, गाणी लावलेली, एकमेकींच्या वेण्या घालत. "दे वेअर सो गुड, आई," ती म्हणाली, "अँड दे वेअर नाइस." तिच्या डोळ्यांतली चमक बघून मलाही वाटायचं, जाऊ दे हिला.

त्या वेळी माझे वडील आमच्याकडे आलेले होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच ते सहा महिन्यांसाठी नागपूरहून आले होते. नातीचा खेळ त्यांनी तोवर फोनवरच ऐकला होता. शनिवारच्या सरावाला मी त्यांना रिंकवर नेलं. दोन स्वेटर, कानटोपी, वरून माझी शाल, असे ते काचेला नाक लावून बसले. तासभर काचेवरची वाफ पुसत राहिले. मग म्हणाले, "पोरगी डोळे मिटत नाही. पाहिलं का तू? एवढ्या जवळून येऊन राहिलं तरी डोळे उघडे."

माझ्या ते कधी लक्षात आलं नव्हतं.

अण्णा तरुणपणी विकेटकीपर होते हे आम्हा भावंडांना माहीत होतं. घरात एक जुना फोटो होता, पांढऱ्या कपड्यांतल्या टीमचा. त्या दिवशी घरी येताना, मागच्या सीटवर नात शेजारी असताना, त्यांनी आजवर न सांगितलेली गोष्ट सांगितली.

"आमच्या वेळेला नागपुरात एक मोठा क्लब होता. मला त्याच्यात घेतलं तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. मी दुसरा कीपर. पहिला होता तो फार चांगला होता. तो काही आजारी पडला नाही, अन् त्याचं बोट काही मोडलं नाही. चार वर्षं मी पाण्याच्या बाटल्या नेल्या. नेट्समध्ये मी बरोबर पकडायचो सगळं. माझा दोस्त होता, माझ्यापेक्षा कच्चा. तो एका फाटक्या क्लबात गेला. त्यांची बॉलिंग अशी की अर्धे बॉल लेगच्या बाहेर. तो दर रविवारी उड्या मारून राहिला. तिसऱ्या वर्षी त्याला राज्याच्या टीमनं बोलावलं."

"अँड यू?" नातीने विचारलं.

"मी पोस्टात लागलो."

अण्णांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "वाईट नाही वाटत. क्लबाची टोपी मी अजून ठेवली आहे. पण मी किती चांगला होतो ते मला कधी कळलंच नाही, बेटा."

घरी आल्यावर मी ते सगळं नवऱ्याला सांगितलं. रात्री भांडी पुसताना तो म्हणाला, "अण्णांचं खरं असेल. पण तो जमाना वेगळा. त्या मित्राला राज्यवाल्यांनी पाहिलं तरी. इथे या हरणाऱ्या पोरांच्या टीममध्ये हिला बघायला कोण येणार आहे?" मला त्याचं म्हणणंही खोटं वाटलं नाही. ही बाजू ऐकली की ही पटायची, ती बाजू ऐकली की ती.

शेवटी बुधवार उजाडला. दर बुधवारी शाळेआधी, पहाटे सहाला, तिचा खास गोलकीपिंगचा सराव असायचा. तो घेणारी बाई तिशीतली, स्वतः कॉलेजच्या टीममध्ये गोलकीपर होती, आता एका शाळेत विज्ञान शिकवायची. फार कमी बोलायची. सराव झाल्यावर माझ्या मुलीने हेल्मेट काढलं आणि थेट विचारलं, मी कुठे खेळू?

कोच बाकावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होती. ती म्हणाली, "कुठली टीम चांगली ते तुला माहीत आहे. ते विचारू नकोस. सरावात गोल झाला तर काय करतेस?"

"पक बाहेर काढते आणि परत उभी राहते."

"आणि मॅचमध्ये? वाईट गोल झाला, सगळे बघतायत, आणि अजून पंधरा मिनिटं आहेत?"

मुलगी विचार करून म्हणाली, "माझं पोट दुखतं. पुढचे दोन-तीन शॉट मला नीट दिसत नाहीत."

"ते पोट दुखणं थांबवायला सराव नाही उपयोगाचा. मॅचच लागतात. पुष्कळ लागतात. डेट्रॉइटमध्ये तू जगातल्या भारी मुलींचे शॉट सरावात अडवशील, त्याचाही फायदा आहे, मी नाही म्हणत नाही. सोळाव्या वर्षी तुला जावंच लागेल, कारण मुलींच्या कॉलेज हॉकीचा वेग आणि पासिंग वेगळं असतं, ते तिथेच शिकता येतं. पण चौदाव्या वर्षी मला विचारशील तर मी म्हणेन, जिथे तुझ्यावर सगळ्यात जास्त पक येतील आणि तुझ्याऐवजी दुसरं कुणी उभं राहणार नाही, तिथे जा. एक वर्ष. मग पुन्हा विचार कर."

मी बाजूला उभी राहून ऐकत होते. माझ्या पर्समध्ये आदल्या सीझनच्या रेघांचे कागद होते. ते काढून मी कोचला दाखवले. तिने ते एकेक करून पाहिले आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसली. "मिसेस मॉम," ती म्हणाली, "इतके शॉट तर मी कॉलेजच्या दोन वर्षांत पाहिले नव्हते."

गाडीत बसल्यावर मुलगी म्हणाली, "आय वॉन्ट टु स्टे." शाळा येईपर्यंत तिने ते तीन वेळा म्हटलं आणि तिन्ही वेळा उत्तर बदललं नाही.

डेट्रॉइटला फोन तिनेच केला. नवरा म्हणाला, मी करतो, तर तिने रिसीव्हर हातातून घेतला. आम्ही तिघं, नवरा, मी आणि अण्णा, स्वयंपाकघरात उभे. ती म्हणाली, तुम्ही मला घेतलं याचा मला फार अभिमान वाटतो, पण या वर्षी मला प्रत्येक मॅच खेळायची आहे. पलीकडून कोच काहीतरी बोलले. तिने "थँक यू" म्हटलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?" तिघांनी एकदम विचारलं.

"म्हणाले, ठीक आहे. पुढच्या वर्षी ये, आणि तेव्हा जागा जिंकायला ये."

नवऱ्याला लागलं होतं. शनिवारी त्याने विनाकारण गॅरेज आवरलं. अण्णा त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसले आणि खिळे वेगळे, स्क्रू वेगळे करत राहिले. काय बोलले मला माहीत नाही. संध्याकाळी दोघं आत आले तेव्हा नवरा मुलीला म्हणाला, "मग त्या अग्निशमनवाल्या कोचला सांगितलंस का? बिचारा वाट बघत असेल."

सप्टेंबरात सीझन सुरू झाला आणि अण्णा परत गेले. पहिली मॅच आम्ही आठ-एकने हरलो. दुसरी सहा-शून्य. आमच्या टीमची मुलं मनाने चांगली पण पाठीमागे जाऊन बचाव करणं त्यांना ठाऊक नव्हतं. तीन तीन जण एकदम सुटून हिच्या अंगावर यायचे. माझ्या कागदावर रेघांना जागा पुरेना, मी मोठी वही घेतली. नवरा वरच्या बाकावर जाऊन एकटा बसायचा, हात काखेत घालून. त्याच्या डोळ्यांत डेट्रॉइट दिसायचं.

ऑक्टोबरात टोलेडोजवळच्या एका टीमने आम्हाला दहा-एकने हरवलं. परतताना गाडीत मी तिच्या हातात आलू पराठ्याचं पुडकं दिलं. तिने अर्धा पराठा संपवला आणि म्हणाली, "सातव्या गोलनंतर पोट नाही दुखलं."

"काय?"

"दर वेळी दुखतं ना. आज सातव्यानंतर नाही दुखलं. उरलेले तीन गोल झाले ते चांगले शॉट होते. आय सॉ ऑल ऑफ देम."

नवऱ्याने आरशातून तिच्याकडे पाहिलं. दहा गोल खाऊन पोरगी खूष होती. त्या दिवसापासून तो वरच्या बाकावरून उतरून माझ्या शेजारी बसू लागला.

नोव्हेंबर आला तसं मला काहीतरी वेगळं दिसू लागलं. खेळ न कळणाऱ्या मलासुद्धा. आधी पक आला की ती त्याच्याकडे झेपावायची. आता पक येण्याआधीच ती तिथे असायची. मारणाऱ्या मुलाच्या खांद्याकडे बघून तिला कळायचं. एक गोल झाला की ती पाण्याच्या बाटलीतून एक घोट घ्यायची, एकदा गोलचा खांब स्टिकने हलकेच ठोकायची आणि उभी राहायची, जणू मॅच आत्ताच सुरू झाली. आम्ही पाच-दोन हरू लागलो, मग तीन-दोन. डिसेंबरात एक जिंकलो. आमच्या मुलांनाही त्यातून धीर आला. मागे ती उभी आहे म्हटल्यावर ती मुलं निर्धास्त पुढे जायला लागली, आणि गंमत म्हणजे हळूहळू मागेही यायला लागली.

जानेवारीत टोलेडोची तीच टीम आमच्या रिंकवर आली. दहा-एकवाली.

त्या मॅचबद्दल मी आजही सांगायला लागले की माझे हातच शॉट अडवायला लागतात. मॅचच्या तीन भागांपैकी पहिल्या भागात त्यांनी आमच्या मुलांना मधल्या रेषेपलीकडे जाऊच दिलं नाही. एक शॉट, तो अडला, तो परत मारला, तो पायाने अडला, तिसरा तिने पडल्या पडल्या ग्लोव्ह वर करून पकडला. मी रेघा ओढायची विसरले. नवरा उभा राहिला होता आणि मागच्या बाईला दिसत नव्हतं, पण तीही उभीच होती. दुसऱ्या भागात त्यांचा एक गोल झाला, हिच्याच टीममधल्या एका मुलाच्या पायाला लागून. तिने पाण्याचा घोट घेतला. मी तिच्याकडे बघत होते. ती ताठ उभी राहिली.

तिसऱ्या भागात आमच्या एका काटकुळ्या मुलाने, ज्याने वर्षभर गोल केला नव्हता, डोळे मिटून मारल्यासारखा शॉट मारला आणि तो जाळ्यात गेला. एक-एक. त्यानंतरची दहा मिनिटं मी वही उलटी धरून बसले होते. शेवटच्या मिनिटात त्यांचा सगळ्यात भारी मुलगा एकटा सुटला. समोर फक्त ती. तो डावीकडे झुकला, ती हलली नाही. तो उजवीकडे वळला, तेव्हा ती त्याच्याबरोबर सरकली, लांब, पाय पसरून, आणि पक तिच्या बुटाच्या टोकाला लागून कोपऱ्यात गेला.

घंटा वाजली. मॅच बरोबरीत सुटली होती, कुणी जिंकलं नव्हतं, तरी आमची सगळी मुलं तिच्यावर जाऊन पडली. खालून फक्त तिचा एक पॅड दिसत होता. अग्निशमनवाले कोच बर्फावर बुटांनीच धावले आणि घसरून पडले. नवऱ्याने माझा दंड इतका घट्ट धरला होता की दुसऱ्या दिवशी तिथे निळं झालं होतं. घरी येऊन त्याने आधी अण्णांना फोन लावला. मला न विचारता, माझ्या वडिलांना. आणि वीस मिनिटं सगळी मॅच सांगितली, शॉटसकट.

तो सीझन आम्ही खालून दुसरे आलो.

वसंतात त्या वयाच्या मुलींची विभागीय निवड होती. आजूबाजूच्या राज्यांतून मुली येतात आणि त्यातून थोड्यांना उन्हाळ्यातल्या राष्ट्रीय कॅम्पला पाठवतात. डेट्रॉइटचे कोच तिथे निवड करणाऱ्यांत होते, हातात कागद लावलेली फळी आणि पेन. त्यांनी आम्हाला ओळखलं आणि मान हलवली, बाकी काही नाही. दोन दिवस मुली खेळल्या. जर्सीवर नावं नव्हती, फक्त नंबर.

यादी संगणकावर आली रविवारी दुपारी. नवरा खुर्चीत बसून नंबर वाचत होता, बोट स्क्रीनवर टेकवून. मुलगी मागे उभी होती, तिला बघवत नव्हतं म्हणून तिने डोळ्यांवर उशी धरली होती.

"गोलकीपर," नवरा म्हणाला. मग त्याने तिचा नंबर वाचला. परत वाचला. मग त्याने खुर्ची सरकवली आणि तिसऱ्यांदा मी वाचला.

उशी उडाली ती थेट दिव्यावर गेली.

कॅम्पच्या पहिल्या सकाळी, एका कॉलेजच्या खाणावळीत, मी ज्या बाईच्या समोर ट्रे घेऊन बसले ती निघाली डेट्रॉइटच्या दुसऱ्या गोलकीपरची आई. म्हणजे आम्ही सोडलेली जागा जिला मिळाली होती तिची. तिचीही मुलगी कॅम्पला निवडली गेली होती. मी माझा ट्रे थोडा तिच्याकडे सरकवला. मग मी आमच्या दहा-एकपासूनचं थोडक्यात सांगितलं आणि विचारलं, तुमचं कसं गेलं वर्ष?

"मॅच थोड्याच मिळाल्या," ती म्हणाली, "पण तिला ते मानवलं. ती लाजाळू आहे. रोज चांगल्या मुलींसमोर उभं राहून ती खुलली. तुमच्यासारखं दहा-दहा गोल खाल्ले असते तर तिने खेळच सोडला असता."

मग मी तिला आमचं वर्ष सविस्तर सांगितलं. आम्ही दोघी इतक्या बोलत बसलो की अंडी गार झाली. मुलींना कुठे खेळवावं याचं एकच उत्तर असतं असं मला त्या सकाळपर्यंत वाटत होतं, आणि ते आम्हाला सापडलंय असंही. तिच्याशी बोलून उठले तेव्हा माझी खात्री फक्त माझ्या मुलीपुरती उरली होती. तेवढी मला पुरली.

कॅम्प संपताना डेट्रॉइटचे कोच आमच्याकडे आले. जुनी गोलकीपर आता वरच्या टीमला जाणार होती. "दोन जागा आहेत आणि दोन मुली," ते म्हणाले. "मॅच अर्ध्या अर्ध्या. नंतर जी चांगली खेळेल तिला जास्त. चालेल?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मी मुलीकडे. तिने घामेजलेले केस कानामागे सारले.

"चालेल," ती म्हणाली, आणि मग कोचला ते कळलं नसेल हे लक्षात येऊन, "येस. येस, सर."

ऑगस्टच्या शेवटी आम्ही पहिल्या सरावाला गेलो, तीन तास वीस मिनिटं, छापून आणलेला रस्त्याचा कागद माझ्या मांडीवर. रिंकच्या दारात ती दुसरी मुलगी वाट बघत उभी होती. दोघींनी एकमेकींच्या बॅगा बघून हसून घेतलं, आणि माझी मुलगी एकदाही मागे न बघता आत गेली, जिथून गाण्यांचा आवाज येत होता तिथे. नवरा काचेजवळ जागा पकडायला लगबगीने पुढे गेला. पहिली मॅच पुढच्या शुक्रवारी शिकागोला होती. त्याने रजा कधीच टाकली होती.